लापाझला येऊन नऊ दिवस झाले, आईला इथं आणावं का?

शहापूरचा फिटर (बेळगाव)

नमस्कार मंडळी, मी शहापूरचा, नोकरी उद्यमबागेत, आणि सध्या मुक्काम दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातल्या लापाझला. आमच्याकडनं धान्य साफ करायची मशीनं इकडं एका कारखान्यानं घेतलीत, ती बसवायची, लोकांना चालवायला शिकवायचं आणि वर्षभर बघायचं असं काम आहे. प्रश्न शेवटी विचारतो, पण आधी हे गाव कसं आहे ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही म्हणून जरा लांब लिहितो, वाचा.

विमान पहाटे उतरलं. विमानतळ लापाझमध्ये नाहीच, वर एल आल्तो म्हणून दुसरं शहर आहे तिथं आहे, उंची ४०६० मीटरच्या आसपास. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरला, म्हणजे पाच बेळगावं एकावर एक ठेवली तरी थोडं कमी पडेल. हवा विरळ म्हणून विमानाला पळायला जागा जास्त लागते, धावपट्टीच ४ किलोमीटरची आहे. दार उघडलं, बॅग घेऊन वीसेक पावलं चाललो आणि छातीत असं झालं जसं कोणीतरी दोन जिने पळवत नेलंय. थांबलो. माझ्या पुढं एक म्हातारी पाठीवर रंगीत कापडात काहीतरी जड बांधून शांत चालत गेली, मी भिंतीला टेकून बघत उभा.

मग टॅक्सीनं खाली निघालो. चोर्ला घाट उतरताना खाली सगळा अंधार असतो की नाही, इथं घाट उतरायचा आणि घाटाच्या दोन्ही अंगांना, तळाला, समोरच्या कड्यावर, जिथं बघाल तिथं शहरच. एका भल्या मोठ्या दरीला आतनं घरं चिकटवलीत. वरची कडा ४१०० मीटर, मधला जुना भाग ३६०० च्या आसपास आणि तळाची सोना सूर म्हणतात ती वस्ती ३३०० च्या आत-बाहेर. एकाच गावात सात-आठशे मीटरचा चढ, आपल्याला राजहंसगड चढला की लई झालं वाटतं. आणि गंमत नाही सांगत, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट आहे, जगात सगळीकडं डोंगरावरचा बंगला श्रीमंताचा, इथं श्रीमंत खाली राहतो कारण खाली हवा जास्त, थंडी कमी. वर जाल तसं भाडं कमी होत जातं. कडेवरच्या विटांच्या उघड्या भिंतींच्या घरातनं इयिमानी पर्वत (६४३८ मीटर, बारा महिने बर्फ) असा समोर दिसतो की खालच्या पैसेवाल्याला तो तसा कधी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बॅगेत होता, बोट घातलं तर ८६. घामच फुटला, त्या दिवसांत ८६ म्हणजे काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आमच्या घरात तर बघितलंच आहे. हॉटेलच्या बाईला दाखवलं तर तिनं शांतपणे कोकाच्या पानांचा चहा आणून दिला आणि 'सोरोचे' म्हणाली, म्हणजे उंची लागलीय. नवीन माणसाचं ८५ ते ९० इथं दाखवतंच म्हणे. तीन दिवसांनी डोकं थांबलं, झोप मात्र अजून तुटक तुटक लागते, मध्येच दम घेतल्यासारखी जाग येते.

कामावर गेलो तर मशीनलापण तेच. मोटर गरम येऊ लागली, लोड जास्त नाही, वायरिंग बरोबर, बेअरिंग ठीक. मग लक्षात आलं की आपली साधी मोटर समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंतच्या हिशेबानं बनवलेली असते, इथं हवा विरळ म्हणजे पंख्यानं कितीही हवा मारली तरी उष्णता उचलायला हवेत जीवच नाही. आता लोड कमी करून चालवूलोय आणि एक साइज मोठी मोटर मागवलीय. माणसाला आणि मोटरला एकच दुखणं, हे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बघतोय.

दिशापण चुकतात इथं. बेळगाव विषुववृत्ताच्या वर जवळजवळ १६ अंशांवर, लापाझ खाली साडेसोळावर, म्हणजे आरशातलं गाव म्हणा. आता मे महिन्यात दुपारी सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळं माझी पूर्व-पश्चिम रोज उलटी होते. मुरिल्यो चौकात संसदेच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, २०१४ पासून त्याचे काटे उलटे फिरतात, आकडेपण उलट्या क्रमानं. मला आधी बिघडलंय वाटलं, फिटरची नजर ती. पण दक्षिण गोलार्धात जमिनीत काठी रोवली तर सावली उलटीच फिरते, घड्याळ आमच्या सावलीप्रमाणं फिरूदे असं त्यांचं म्हणणं. मला ते एकदम पटलं.

आणि रोपवे! लोक ऑफिसला, शाळेला, बाजाराला रोपवेनं जातात. तेलेफेरिको म्हणतात, २०१४ ला सुरू झाला, आता दहा लाइनी आहेत, प्रत्येकीला रंगाचं नाव. एका डब्यात दहा माणसं, कोणाच्या मांडीवर कोंबडीची पिशवी, कोणी शाळेचं पोरगं झोपलेलं, आणि खाली घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कुत्री. लाल लाइन मोठ्या दफनभूमीवरनं जाते. त्या स्टेशनच्या पाटीवर दोन नावं आहेत, स्पॅनिशमध्ये 'सेमेंतेरियो' आणि त्यांच्या आयमारा भाषेत 'अजायुनी', म्हणजे आत्म्यांची जागा. बेळगावचा माणूस कुठंपण गेला तरी त्याचं लक्ष आधी पाटीवर जातं, तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक स्टेशनवर दोन्ही नावं. ह्यांच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशबरोबर तिथल्या मूळ लोकांच्या ३६ भाषा अधिकृत म्हणून लिहिल्यात. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो, सिक्युरिटीवाल्यानं येऊन काय हवंय म्हणून विचारलं.

बाजार तर आपल्या गणपत गल्लीचाच. बायका घेरदार घागरा, दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी घालून जमिनीवर माल मांडून बसतात. घेणारी विकणारीला 'कासेरिता' म्हणते आणि विकणारी घेणारीलापण तेच. भाजी घेतली की वर मूठभर जादा टाकतात त्याला 'यापा' म्हणतात. मला भाषा येत नाही तरी मी हात पुढं करून 'यापा' म्हटलं आणि तिनं हसून दोन टोमॅटो टाकले, त्या क्षणी इथं वर्ष निघेल असं वाटलं.

आता प्रश्न. आई ६३ वर्षांची, शहापुरात एकटी. वडील जाऊन दोन वर्षं झाली, बहीण गोकाकला दिलीय. आईला बीपीची गोळी रोज आहे, बाकी चालती-फिरती, सकाळी कपिलेश्वरला चालत जाऊन येते. दोन-तीन महिने तिला इकडं आणावं असं मनात आहे, बायको सोबत असेल. पण विमानातनं एकदम ४००० मीटरला उतरवणं बरोबर आहे का? कोणी आई-वडलांना अशा उंचीवर नेलंय का? आणि जेवणाचं, वरण-भात शिजतो का? खरं काय ते सांगा, नको असेल तर नको म्हणून सांगा.

फौजी खानापूर

फिटर दादा, जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, आता खानापूरला शेती करतोय. लेह-लडाखमध्ये दोन टेन्युअर झालीत त्यामुळं उंचीबद्दल बोलायचा अधिकार आहे असं समजून लिहितो.

लेह साडेतीन हजार मीटर, म्हणजे तुमच्या गावापेक्षा थोडं खालीच. तिथं विमानानं उतरलेल्या जवानाला, मग तो कितीपण पैलवान असूदे, पहिले सहा दिवस ड्यूटी नाही. पहिले दोन दिवस फक्त आराम, बराकीच्या आसपास थोडं चालणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश फिरणं, पाचव्या-सहाव्या दिवशी जरा चढ. त्याच्या वर जायचं झालं की परत चार दिवस. हा नियम कोणा साहेबाची लहर म्हणून नाही आला, माणसं गमावून आलाय.

आमच्या बॅचचा एक पोरगा होता, चंदगडकडचा, अंगानं दगडासारखा. पहिल्याच दिवशी मला काय होत नाही म्हणून स्वतःची ट्रंक आणि दुसऱ्याची पण ट्रंक उचलून जिना चढला. दुसऱ्या रात्री खोकला सुरू झाला, झोपला की दम लागायचा म्हणून उशीला टेकून बसून राहिला आणि कोणाला सांगितलं नाही, लाज वाटली त्याला. पहाटे मी बघितलं तर ओठ जांभळे. ऑक्सिजन लावून खाली पाठवला, वाचला, पण वेळेवर. म्हणून आईंना सगळ्यात आधी हे सांगा की त्रास झाला तर लपवायचा नाही. आपल्या आयांना पोराला काळजी नको म्हणून गप्प बसायची सवय असते, उंचीवर तीच सवय धोक्याची.

माझं मत, आणा, पण पायऱ्या पायऱ्यानं. डायरेक्ट ४००० ला उतरवू नका. मध्ये दोन-अडीच हजार मीटरचं एखादं गाव असेल तर तिथं आठवडा काढा. पाणी पाजत राहा, पहिल्या दिवसांत पोटभर जेवण नको, थोडं थोडं. आणि चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना दम लागला की पाय थांबवायचे, एवढं एक माप पुरतं.

निपाणीची अक्का

फिटर भाऊ, तुमचं वाचून मला माझं घर आठवलं. ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही तीन वर्षं पेरूत कुस्कोला होतो, ते पण ३४०० मीटर. तिथनं एकदा बसनं तितिकाका तळ्याच्या काठानं लापाझला आलेलो, तळंच ३८१२ मीटरवर आहे, एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच म्हणा.

आधी मध्ये थांबायच्या गावाचं सांगते. बोलिव्हियात कोचाबांबा आहे, २५५० मीटरच्या आसपास, हवा बारा महिने छान. सांता क्रूझ तर चारशे मीटरलाच, बेळगावपेक्षा खाली. मुंबईहून लांबचा प्रवास करून सांता क्रूझला उतरवा, दोन-तीन दिवस झोप काढूदे (तिकडं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं, रात्रीचा दिवस होतो), मग कोचाबांबाला आठवडा, मग लापाझ. कोचाबांबाहून बस स्वस्त पडते पण रस्ता मध्ये ४००० च्या वर चढून जातो आणि तास लई लागतात, त्यापेक्षा विमान बरं. विमान एल आल्तोलाच उतरतं पण तिथं रेंगाळायचं नाही, सरळ टॅक्सी करून खाली सोना सूरला. घर तिथंच बघा, जुन्या शहरात भाड्यानं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, तिथं घरातनं पाय बाहेर टाकला की चढ.

आता स्वयंपाक. तिकडं पाणी ८८ डिग्रीलाच उकळतं. भांडं खळखळ उकळतंय असं दिसतं पण त्यात जोर नसतो, डाळ तासभर ठेवली तरी कण राहतो, चहापण आपल्यासारखा उतरत नाही. म्हणून कुकर इथनंच न्या, रबर दोन जादा न्या. कुकरच्या आत वाफ दाबली जाते त्यामुळं वरण-भात होतो, मला तूरडाळीला इथल्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त लागायच्या, हरभरा रात्रभर भिजवूनसुद्धा मंद गॅसवर बराच वेळ. भाकरीचं पीठ मिळणार नाही, ज्वारीचं पाच किलो न्यावं. तिकडचं क्विनोआ म्हणून बारीक धान्य असतं ते मी उपम्यासारखं करायची, पण आधी चोळून चोळून धुवायचं, कडू साल असतं, पाण्याला साबणासारखा फेस येतो.

शहापूरचा फिटर

अक्का, मध्येच बोलतो, तो फेसच काढायचं आमचं मशीन! कोरडं घासून साल काढतं. ती धूळ नाकात गेली की माणूस दहा-दहा शिंका देतो.

निपाणीची अक्का

होय काय! मग तुम्ही तर माझ्या हाताचे कष्ट वाचवणारं काम करूलाय.

राहिलेलं सांगते. आईंना परकं वाटेल ही भीती बाळगू नका. आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान मध्य-दक्षिण अमेरिकेतनंच आलंय. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, आमच्या निपाणीची तंबाखूसुद्धा मूळची तिकडचीच. शेंगदाण्याचं मूळ तर बोलिव्हियाच्या दक्षिणेकडं सांगतात. लापाझला एका खानावळीत मी 'सोपा दे मानी' घेतलं, कच्चे शेंगदाणे वाटून केलेली पातळ आमटी, वर बटाट्याच्या काड्या. पहिला घोट घेतला आणि मला एकादशीची दाण्याची आमटी आठवून डोळ्यात पाणी आलं. आई शाकाहारी असतील तर आधी विचारा, बहुतेक ठिकाणी त्यात मांस असतं, ते वगळून करून देतात.

बटाटे तर विचारू नका, जांभळे, काळपट, बोटाएवढे, गाठीगाठीचे. आणि चुन्यो म्हणून एक प्रकार आहे तो जून-जुलैत पठारावर करतात. रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे, गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग बायका-माणसं अनवाणी त्यावर पाय देऊन पाणी काढतात, असं काही दिवस करून वाळवतात. दगडासारखा कडक पण हलका काळा खडा होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आपण चैत्रात उन्हाचं वाळवण घालतो, ते थंडीचं वाळवण घालतात. मी बघत बसले होते तर एका आजीनं मला हातानं खूण केली, ये म्हणून. मी चप्पल काढून पाच मिनिटं तुडवले, पाय बधिर झाले पण ती आजी इतकी खूश झाली, माझा हात धरून आयमारात काय काय बोलत राहिली.

आणि चटणी! याहवा म्हणतात, लोकोतो नावाची मिरची असते, आत काळं बी, टोमॅटोबरोबर वाटतात. वाटायला बातान. मोठा सपाट दगड आणि त्यावर अर्धगोल जड दगड, दोन हातानं इकडून तिकडं डुलवत वाटायचं. पाटा-वरवंट्याची बहीणच ती.

टिळकवाडी डॉक्टर

वर सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, मी वैद्यकीय बाजूचं तेवढं लिहितो. आईंना न बघता औषध सांगणं बरोबर नाही, त्यामुळं हे फक्त त्यांच्या डॉक्टरांना विचारायला उपयोगी पडावं म्हणून.

उंचीवर गेल्यावर पहिले काही दिवस बीपी वाढतं. आधीच गोळी चालू असेल तर निघायच्या महिनाभर आधी बीपी ताब्यात आहे का, ईसीजी, गरज वाटली तर इको, आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं आहे आणि विरळ हवेत ते जास्त जाणवतं. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी उंची लागू नये म्हणून देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि आईंची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही एकत्र चालतील का हे त्यांनाच ठरवूदे. या गोळीनं बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं इतपत असेल तर आराम करून उतरतं. पण बसल्या जागी दम लागणं, खोकल्याबरोबर फेस, किंवा चालताना तोल जाणं, बोलण्यात विसंगती, यातलं काहीपण दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. दवाखाना आणि लगेच खाली उतरवणं. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून दहा पावलं चालायला सांगा, अडखळल्या तर समजा.

अजून एक जे लोक विसरतात, ते म्हणजे पिवळ्या तापाची लस. लापाझच्या उंचीवर तो ताप पसरवणारा डास नाही, पण बोलिव्हिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळं भारतात परत येताना सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. निघायच्या किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रावरच. मात्र ६० च्या वरच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून हा विषय शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. फिटर, तुमची झाली असेलच.

आणि कोकाच्या चहाच्या पुड्या भेट म्हणून बॅगेत टाकू नका. तिथं तो आपल्या चहासारखा असला तरी आपल्याकडं कोकाचं पान १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात येतं.

अथणीचा सतीश

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही आत्याला लेहला नेलेलं, ती पण ६० च्या पुढं, एकदम ठणठणीत. टूरवाल्यानं काय होत नाही म्हणून पहिल्याच दिवशी संध्याकाळी फिरवायला काढलं, आम्हीपण शहाण्यासारखं थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या, ती रात्र आम्ही दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी काढली. बरी झाली, पण अजून मला त्या रात्रीचा आवाज येतो, तो बुडबुड्यांचा. आणि लेहहून चंदीगड तासाभराचं विमान आहे, तुम्ही तर पृथ्वीच्या पलीकडं, भाषा येत नाही. आणायचंच असेल तर फौजी काका म्हणतात तसं, नाहीतर तुम्हीच सुट्टी काढून महिनाभर घरी या. आईला पोरगा बघायचा असतो, गाव नाही.

फुटबॉल कॅम्प बेळगाव

दादा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही पण एर्नांदो सिलेस स्टेडियम बघून आलात का? ३६०० मीटरवर. २००९ च्या एप्रिलमध्ये तिथंच बोलिव्हियानं अर्जेंटिनाला ६-१ हरवलं, मेस्सी खेळत होता आणि कोच मॅराडोना! आमच्या गल्लीत त्या दिवशी कोणी जेवलं नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी फिफानं २५०० मीटरच्या वर इंटरनॅशनल मॅच नको म्हणून बंदी आणली होती, नंतर उठवावी लागली. एक फोटो टाका की बाहेरचा तरी.

शहापूरचा फिटर

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं, कागदावर उतरवून घेतलं. फुटबॉलवाल्या भावा, रविवारी जातो आणि फोटो टाकतो.

सतीश, राग कशाचा, तुमचं वाचून मी रात्रभर विचार केला. तुमचं म्हणणं बरोबर आहे की आईला पोरगा बघायचा असतो. पण वडील गेल्यापासून ती त्या घरात एका खोलीत सरकत गेलीय, स्वयंपाकघर आणि देवाची खोली, बाकी घर बंद. हे मला फोनवर दिसतं, मागं तीच भिंत, तेच कॅलेंडर. म्हणून तिला त्या घरातनं थोडे दिवस बाहेर काढायचं आहे, आणि ते मी महिनाभर घरी येऊन होणार नाही.

काल तिला फोन केला, सगळं खरं खरं सांगितलं, दम लागतो, डोकं दुखतं, माझं ८६ आलेलं ते पण सांगितलं जे आधी लपवलेलं. फौजी काका, तुमचा तो ट्रंकवाला पोरगापण सांगितला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली गणपती बसवल्याशिवाय मी घर सोडत नाही, अनंत चतुर्दशी झाली की बघू. म्हणजे येते म्हणाली! तसं पण जून-जुलैत इथं रात्री पारा शून्याला टेकतो आणि घरांना हीटर नसतो, ऑक्टोबर बरा, आणि जोराचा पाऊस डिसेंबरनंतर. तोपर्यंत चार-पाच महिने आहेत, टेस्ट, लस, कुकर, सगळं होईल. बहीण तिला पुढच्या सोमवारी डॉक्टरकडं नेतेय. सांता क्रूझला तीन दिवस, कोचाबांबाला आठ, मग इकडं, आणि तिथल्या आठवड्यात काहीपण वेगळं वाटलं तर पुढं चढायचंच नाही, तिथंच महिनाभर राहायचं, मी शनिवार-रविवारी खाली जाईन. सोना सूरमध्ये दोन खोल्या बघून आलोय, तळमजला, दारात पायरीसुद्धा एकच.

एक विचारायचं राहिलं. मुंबईहून साओ पावलोमार्गे वयस्कर माणसाला घेऊन कोणी आलंय का? मध्ये एक रात्र थांबणं बरं की एका दमात?

आणि अक्का, तुमच्या बातानचं आईला सांगितलं तर तिला पटेचना, म्हणून आज एल आल्तोच्या बाजारात गेलो. गुरुवारी आणि रविवारी भरतो तो, आपला शनिवारचा बाजार दहा-वीस वेळा पसरला असं समजा, जुन्या गाडीच्या दारापासून कोंबडीच्या पिलापर्यंत सगळं. एका कोपऱ्यात एक बाई बातान घेऊन बसलेली, काळसर दगड, वरचा दगड दोन हातात धरून मला तिनं डुलवून दाखवला, खालच्या दगडाला मध्ये हात फिरवला तर किंचित खोलगट आणि गार. फोटो काढून आईला पाठवला. लगेच तिचा व्हॉइस मेसेज आला, दगड चांगला दिसतोय, पण घासून गुळगुळीत झाला की तिकडं त्याला टाकी कोण लावून देतं ते विचार. त्या बाईला हातानं खुणा करून विचारायचा प्रयत्न केला, जमलं नाही, रविवारी कारखान्यातल्या पोराला सोबत नेतो.